सीमा ओलांडणाऱ्या झुकत्या रेल्वेगाडीचा इतिहास कसा लिहावा : ‘चिझाल्पीनो’च्या आधाराने

वेगवान रेल्वेगाड्यांवर मराठीत जे लेखन होते, त्याची सुरुवात बहुधा कमाल वेगाच्या आकड्याने होते. वळणावर आतल्या बाजूला झुकणाऱ्या गाडीच्या बाबतीत हाच आकडा सर्वाधिक फसवा असतो. इटली, स्वित्झर्लंड आणि काही काळ जर्मनी यांना जोडणाऱ्या ईटीआर ४७० या गाडीची कमाल वेगमर्यादा ताशी २०० किमी होती, तर मुख्यतः इटलीत धावण्यासाठी बांधलेल्या तिच्या थोरल्या बहिणीची, म्हणजे ईटीआर ४६० ची, ताशी २५० किमी. एवढ्यावरून निवाडा केला तर पहिली गाडी दुय्यम ठरते. प्रत्यक्षात तिच्यासमोरचे काम अधिक अवघड होते, आणि ते अवघड का होते हे वाचकाला समजावून देणे हाच अशा गाडीचा इतिहास लिहिणाऱ्याचा पहिला उद्देश असायला हवा. हे लेखन कोणत्या क्रमाने करावे, कोणते आकडे स्वतः मांडून पाहावेत आणि कुठे घसरण्याची शक्यता असते, ते पुढे ‘चिझाल्पीनो’च्या, म्हणजे ईटीआर ४७० चालवणाऱ्या कंपनीच्या, उदाहरणावरून सांगितले आहे. क्रम थोडक्यात असा : आधी वळण, मग सीमा, मग वेळापत्रक, आणि कमाल वेग सगळ्यांत शेवटी.

आधी विषयाची हद्द आखून घ्यावी

लिहायला बसण्यापूर्वी आपण नेमका कशाचा इतिहास लिहीत आहोत हे ठरवावे, कारण एकाच नावाखाली चार वेगळ्या गोष्टी येतात. चिझाल्पीनो ही १९९३ मध्ये इटालियन आणि स्विस रेल्वेच्या पुढाकाराने स्थापन झालेली कंपनी होती. तिचे कार्यालय स्वित्झर्लंडमध्ये बर्नजवळ होते. ईटीआर ४७० ही तिने फियाट फेरोव्हियारिया या रेल्वेगाड्या बांधणाऱ्या इटालियन कंपनीकडून बांधून घेतलेली नऊ रेकची, म्हणजे डब्यांच्या नऊ पूर्ण संचांची, गाडी होती. मिलानहून आल्प्स ओलांडून गॉटहार्डमार्गे झ्युरिककडे आणि सिंप्लॉनमार्गे जिनिव्हा, बर्न, बासेलकडे जाणारे मार्ग या दोघींच्याही कितीतरी आधीपासून होते आणि आजही आहेत. पेंडोलिनो हे झुकण्याचे तंत्र आणखी वेगळे. त्याची कथा इटलीत सुरू होऊन फिनलंडपर्यंत पोहोचते. या चौघांच्या जन्माची आणि अंताची वर्षे जुळत नाहीत, आणि एकीचे वर्ष दुसरीला चिकटवले की लेखाचा पायाच कच्चा राहतो.

नावांचा घोळ याहून जुना आहे. १९६१ मध्ये स्विस रेल्वेने चार प्रकारच्या विजेवर चालणाऱ्या गाड्या ट्रान्स युरोप एक्स्प्रेस सेवेत आणल्या. त्यांपैकी पॅरिस–मिलान गाडीचे नाव ‘चिझाल्पँ’ आणि झ्युरिक–मिलान गाडीचे ‘गोत्तार्दो’ असे होते. या गाड्या झुकत नव्हत्या. मात्र सीमेवर इंजिन न बदलता पुढे जाण्याची कल्पना त्यांनी प्रत्यक्षात उतरवली होती, म्हणून त्यांचा उल्लेख पूर्वपीठिकेत अवश्य करावा. उलट बाजूने, २०००च्या दशकाच्या मध्यापासून चिझाल्पीनो कंपनीने इंजिनाने ओढल्या जाणाऱ्या साध्या युरोसिटी गाड्याही आपल्याकडे घेतल्या, त्यामुळे त्या काळच्या वेळापत्रकात ‘चिझाल्पीनो’ असे छापलेले दिसले तरी ती गाडी झुकणारी होती असे धरून चालता येत नाही. रेकचा प्रकार प्रत्येक वेळी स्वतंत्रपणे तपासावा.

वळणाचे गणित स्वतः मांडून पाहावे

झुकणाऱ्या गाडीचा इतिहास लिहिणाऱ्याने एक छोटे सूत्र हाताशी ठेवावे. त्यावाचून बाकी सगळे वर्णन ऐकीव राहते. वळणावर बाहेरचा रूळ आतल्या रुळापेक्षा उंच बसवतात आणि त्या उंचीला कँट म्हणतात. गाडीचा बाहेर फेकला जाण्याचा कल पूर्णपणे शमवायचा असेल तर किती कँट लागेल, हे युरोपातल्या प्रमाण रुंदीच्या मार्गासाठी असे काढतात : ताशी किलोमीटरमधल्या वेगाचा वर्ग करावा, त्याला ११.८ ने गुणावे आणि वळणाच्या मीटरमधल्या त्रिज्येने भागावे. उत्तर मिलिमीटरमध्ये मिळते.

६०० मीटर त्रिज्येचे वळण घेऊ. ताशी १२० किमी वेगाला हे उत्तर सुमारे २८३ मिमी येते. एवढा कँट प्रत्यक्षात देता येत नाही, कारण त्याच रुळांवरून मालगाड्या संथपणे जातात आणि कधी गाडी वळणावर उभीही राहते. साधारणतः १५० मिमीच्या आसपास थांबावे लागते. उरलेल्या सुमारे १३० मिमीला कँटची तूट म्हणतात, आणि ती तूट प्रवाशाच्या अंगाला बाहेरच्या बाजूला ढकलले गेल्यासारखी जाणवते. साध्या गाडीसाठी साधारण एवढीच तूट सोसण्याजोगी मानली, तर या वळणावर ताशी १२० किमी ही तिची मर्यादा ठरते.

आता डबा आतल्या बाजूला ८ अंश झुकवला असे समजावे. रुळांच्या मध्यांतले अंतर सुमारे १५०० मिमी धरले तर ८ अंशांचा झुकाव जवळजवळ २०९ मिमी कँटच्या बरोबरीचा होतो. या गाडीला २७५ मिमी तूट मान्य केली, तरी त्यातले २०९ मिमी झुकाव भरून काढतो आणि प्रवाशाला जाणवणारी तूट सुमारे ६६ मिमी उरते, म्हणजे साध्या गाडीच्या निम्मीच. १५० अधिक २७५ असे ४२५ मिमी सूत्रात उलटे घातले की त्याच वळणावर ताशी सुमारे १४७ किमी वेग निघतो. शंभर किलोमीटर मार्ग अशाच वळणांचा असेल तर ५० मिनिटांचा प्रवास सुमारे ४१ मिनिटांवर येतो. रूळ तेच, जमीन तीच आणि वाचली नऊ मिनिटे. झुकत्या गाडीचे सगळे अर्थशास्त्र या नऊ मिनिटांत आहे.

मात्र इथे एक गोष्ट ठळकपणे लिहावी, कारण ती बहुतेक लेखांत सुटते. झुकाव प्रवाशाला दिलासा देतो, रुळाला देत नाही. वाढलेल्या वेगाने चाके रुळावर जो आडवा जोर लावतात तो डबा कितीही झुकवला तरी कमी होत नाही. म्हणून झुकणारी गाडी हलकी असावी लागते. पेंडोलिनोच्या या पिढीत डब्यांचे सांगाडे अॅल्युमिनियमचे केले गेले, आणि विजेच्या मोटारी चाकांच्या आसांवर न बसवता डब्याच्या तळाला टांगून त्यांची शक्ती दांड्यांमधून आसांपर्यंत नेली गेली, ती याच कारणाने.

सूत्रातून निघालेला वेग सगळीकडे मिळतोच असेही लिहू नये. सरळ मार्गावरून वळणात शिरताना जो संक्रमणाचा भाग असतो तो आखूड असेल, किंवा डावे वळण संपताक्षणी उजवे सुरू होत असेल, तर डब्याला झुकायला आणि परत सरळ व्हायला वेळच मिळत नाही. गॉटहार्डच्या जुन्या डोंगरी मार्गावर ३०० मीटरच्या आतबाहेर त्रिज्येची वळणे आहेत, चढ हजाराला २७ पर्यंत जातो आणि मार्ग डोंगराच्या पोटात वेटोळी घेत वर चढतो. वासेन गावाचे चर्च तिथे गाडीतून तीन वेगवेगळ्या उंचींवरून दिसते. अशा ठिकाणी झुकावाचा लाभ किती आणि चढाचा अडसर किती हे वेगवेगळे सांगितले, तरच विधानाला वजन येते. स्विस रेल्वेने झुकणाऱ्या गाड्यांसाठी ‘एन’ ही स्वतंत्र वेगश्रेणी ठेवली, तीमुळे एकाच मार्गावर दोन प्रकारच्या गाड्यांना दोन वेगमर्यादा लागू होतात. मार्गाच्या नोंदी पाहताना ही श्रेणी शोधावी.

तंत्राची वंशावळ आखडती ठेवावी

तंत्राच्या इतिहासाचा मोह मोठा असतो, पण सीमेपलीकडे जाणाऱ्या गाडीच्या लेखात त्याला दोन-तीन परिच्छेदांहून अधिक जागा देऊ नये. फियाटमधले अभियंते फ्रांको दि मायो यांनी सहकाऱ्यांसह १९६०च्या दशकाच्या अखेरीस या कल्पनेवर काम सुरू केले, वाय ०१६० या एकट्या प्रायोगिक डब्यावर चाचण्या झाल्या आणि त्यातून चार डब्यांची ईटीआर ४०१ घडली. ती १९७६ मध्ये रोम ते अँकोना या अपेनाइन पर्वतातून जाणाऱ्या वळणावळणाच्या मार्गावर प्रवासी घेऊन धावू लागली. तिची पुढची पिढी, ईटीआर ४५०, मे १९८८ मध्ये रोम–मिलान मार्गावर आली. ईटीआर ४५० मध्ये डबा झुकवणारी द्रवदाबाची यंत्रणा डब्याच्या भिंतींमधली जागा खात असे. ईटीआर ४६० मध्ये ती सगळी जमिनीखाली नेण्यात आली आणि आतला डबा मोकळा झाला. जॉर्जेत्तो जुजारो यांनी रेखाटलेले बाह्यरूप याच पिढीचे, आणि ईटीआर ४७० ही या पिढीची दोन प्रकारच्या विजेवर चालणारी आवृत्ती.

या वंशावळीत दोन तुलना घ्याव्यात. जपानने १९७३ मध्ये ३८१ मालिकेच्या गाड्या सेवेत आणल्या, पण त्यांत डबा स्वतःच्या वजनाने झोके घेत झुकत असे. फियाटच्या गाडीत जायरोस्कोप आणि प्रवेगमापक वळण ओळखतात आणि यंत्रणा डबा ढकलून झुकवते. दुसरी तुलना ब्रिटनच्या ‘अॅडव्हान्स्ड पॅसेंजर ट्रेन’ची. डिसेंबर १९८१ मध्ये ग्लासगो–लंडन मार्गावर तिला प्रवाशांसह चालवण्याचा प्रयत्न झाला आणि काही दिवसांतच ती मागे घेतली गेली. थंडीतल्या बिघाडांची चर्चा पुष्कळ झाली, परंतु तंत्राच्या दृष्टीने महत्त्वाचा धडा वेगळा होता : वळणाचा परिणाम झुकावाने संपूर्ण पुसून टाकला तर प्रवाशाच्या डोळ्यांना खिडकीबाहेर क्षितिज तिरके झालेले दिसते, पण शरीराला वळण जाणवत नाही, आणि या विसंगतीने मळमळते. म्हणूनच पुढच्या गाड्यांत थोडी तूट मुद्दाम शिल्लक ठेवली गेली. वरच्या गणितातले ते ६६ मिमी वाया गेलेले नाहीत.

एक बारकावा छायाचित्रांतून स्वतः ताडून पाहता येईल. डबा ८ अंश झुकला आणि त्याच्यासोबत छतावरचा पेंटोग्राफही, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणारा सांगाडाही, कलला, तर तो ओव्हरहेड वायरखालून निसटेल. म्हणून पेंडोलिनोत पेंटोग्राफला डब्याच्या छताचा आधार न देता, खालच्या चाकांच्या सांगाड्यापासून वर आणलेल्या चौकटीचा आधार दिलेला असतो. वळणावरचे छायाचित्र मिळाले तर पाहावे : डब्याचे छत कललेले असते आणि त्यावरचा पेंटोग्राफ मात्र रुळांशी इमान राखून उभा असतो.

सीमेवर काय काय बदलते याची नोंद करावी

मराठी वाचकाला विजेच्या सीमेची ओळख करून देणे अवघड नाही. मुंबईहून नाशिककडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन अनेक वर्षे इगतपुरीला बदलले जात असे, कारण तिथपर्यंत १५०० व्होल्ट डीसी आणि पुढे २५ किलोव्होल्ट एसी वीज होती. इटली आणि स्वित्झर्लंड यांच्यात हेच गॉटहार्ड मार्गावर कियासो स्थानकात आणि सिंप्लॉन मार्गावर दोमोदोस्सोला स्थानकात घडते : एका बाजूला ३ किलोव्होल्ट डीसी, दुसऱ्या बाजूला १५ किलोव्होल्ट आणि १६.७ हर्ट्झची एसी. जर्मनीची वीज स्वित्झर्लंडसारखीच आहे, परंतु स्विस पेंटोग्राफची पट्टी जर्मनपेक्षा अरुंद असते, त्यामुळे वीज एक असूनही प्रश्न सुटत नाही.

इथे पुन्हा एक छोटा भागाकार करावा. ईटीआर ४७० ची शक्ती ५८८० किलोवॅट होती. तेवढी शक्ती १५ किलोव्होल्टच्या तारेतून घ्यायची तर सुमारे ३९२ अँपिअर प्रवाह लागतो, ३ किलोव्होल्टच्या तारेतून घ्यायची तर सुमारे १९६० अँपिअर. पहिल्या विजेसाठी ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि १६.७ हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर तेवढ्याच शक्तीच्या ५० हर्ट्झच्या ट्रान्सफॉर्मरपेक्षा जड असतो. दुसऱ्या विजेसाठी जाड जोडण्या आणि मोठे प्रवाह तोडणारी उपकरणे लागतात. दोन्ही एकाच गाडीत बसवायचे म्हणजे वजन वाढणार, आणि आधी पाहिल्याप्रमाणे झुकणाऱ्या गाडीला वजन वाढवणे परवडत नाही. वळण हलकेपणा मागते आणि सीमा वजन वाढवते, हाच या सगळ्या इतिहासाचा गाभा आहे असे माझे मत आहे, आणि या प्रकारच्या कोणत्याही गाडीचा अभ्यास याच प्रश्नावर आणून तपासावा. १९९६ मध्ये स्विस मार्गांवर ताशी १६० किमी हीच सर्वसाधारण कमाल मर्यादा होती, तेव्हा ईटीआर ४७० च्या ताशी २०० किमीकडे उणेपणा म्हणून पाहण्याचे कारणही उरत नाही.

विजेखेरीज प्रत्येक देशाची सिग्नल व आपत्कालीन ब्रेकची यंत्रणा निराळी असते, तिची उपकरणे गाडीत बसवावी लागतात आणि प्रत्येक देशाची स्वतंत्र मंजुरी मिळवावी लागते. चालकाला दोन देशांचे नियम यावे लागतात, नाहीतर सीमेवर चालक बदलावा लागतो. आणि प्रवाशांची तपासणी असतेच. स्वित्झर्लंडच्या रेल्वे आणि रस्त्यांच्या सीमांवर शेंगेन व्यवस्था, म्हणजे सीमेवरची नेहमीची पारपत्र-तपासणी काढून टाकणारी युरोपीय व्यवस्था, १२ डिसेंबर २००८ पासून लागू झाली. त्याआधीच्या बारा वर्षांतल्या चिझाल्पीनोच्या प्रवासवेळेकडे पाहताना हे ध्यानात ठेवावे.

सीमेचा राजकीय भाग किती निर्णायक ठरू शकतो हे ‘अलेग्रो’ या गाडीवरून दिसते. फिनलंड आणि रशियाच्या रेल्वेंनी २००६ मध्ये ‘कॅरेलियन ट्रेन्स’ ही संयुक्त कंपनी काढली आणि डिसेंबर २०१० पासून हेलसिंकी–सेंट पीटर्सबर्ग मार्गावर चार पेंडोलिनो रेक धावू लागले. तिथेही २५ किलोव्होल्ट एसी आणि ३ किलोव्होल्ट डीसी अशी दोन प्रकारची वीज होती, पारपत्रांची तपासणी धावत्या गाडीत होत असे आणि साडेपाच तासांच्या आसपासचा प्रवास साडेतीन तासांवर आला होता. युक्रेनवरील आक्रमणानंतर मार्च २०२२ च्या अखेरीस ही सेवा बंद झाली. तांत्रिकदृष्ट्या तिच्यात त्या दिवशी काहीही बिघडलेले नव्हते. कारणांची मांडणी करताना तांत्रिक, आर्थिक आणि राजकीय कारणे वेगवेगळ्या परिच्छेदांत ठेवावीत, ती याचसाठी.

वेळापत्रक हा मुख्य दस्तऐवज मानावा

नियमित सेवा सप्टेंबर १९९६ मध्ये सुरू झाली आणि १९९८ मध्ये ती झ्युरिकच्या पुढे जर्मनीतल्या श्टुटगार्टपर्यंत वाढवण्यात आली. अशा तारखा कंपनीच्या घोषणेतून न घेता छापील वेळापत्रकातून घ्याव्यात, कारण घोषणेची तारीख आणि गाडी सुटण्याची तारीख यांच्यात कित्येकदा वर्षांचे अंतर असते. युरोपात वेळापत्रक आता दरवर्षी डिसेंबरच्या मध्याला बदलते, म्हणून डिसेंबर २००९ सारखी घटना ‘२००९ मध्ये’ एवढीच लिहिली तर वाचकाचा जवळजवळ एका वर्षाचा गैरसमज होऊ शकतो. महिना द्यावा.

वेळापत्रकातून आणखी एक गोष्ट कळते, जी कोणत्याही तांत्रिक वर्णनात सापडत नाही. स्वित्झर्लंडने १९८२ पासून ठरावीक अंतराने सुटणाऱ्या गाड्यांची पद्धत देशभर राबवली आणि डिसेंबर २००४ मध्ये ‘रेल्वे २०००’ योजनेने ती आणखी घट्ट विणली. मोठ्या स्थानकांत चारही दिशांच्या गाड्या जवळजवळ एकाच वेळी येतात, प्रवासी गाडी बदलतात आणि काही मिनिटांत सगळ्या गाड्या सुटतात. अशा जाळ्यात मिलानहून येणारी एक गाडी वीस मिनिटे उशिरा आली तर त्या उशिराचा धक्का तिच्यापुरता राहत नाही. जोडगाड्या तिच्यासाठी थांबवाव्या लागतात किंवा तिच्या प्रवाशांना सोडून निघतात. इटलीतून लांबून येणाऱ्या गाडीला हा शिस्तबद्ध साचा सांभाळणे कठीण होते. ईटीआर ४७० विषयी स्वित्झर्लंडमध्ये जी नाराजी साचत गेली तिचे मूळ केवळ यंत्रात शोधले तर उत्तर अर्धेच मिळते. दोन देशांच्या वेळापत्रकांच्या स्वभावात ते तितकेच आहे.

बिघाडांविषयी लिहिताना तोल राखावा

ईटीआर ४७० वारंवार बिघडत असे आणि उशिराने धावत असे, हे सार्वजनिक नोंदींतले सत्य आहे आणि ते झाकू नये. परंतु ‘गाडी वाईट होती’ असे लिहून मोकळे होण्याआधी ताफ्याचा आकार पाहावा. एकूण रेक नऊ. त्यातले काही देखभालीसाठी आत ठेवावेच लागतात. उरलेल्या रेकमधून तीन देशांची वेळापत्रके भरायची, म्हणजे एक रेक अचानक बिघडला की त्याच्या जागी लावायला दुसरा झुकणारा रेक हाताशी नसतो. साधी गाडी लावली तर ती वळणांवर तो वेग गाठू शकत नाही आणि ठरलेली वेळ चुकते. सीमेपलीकडच्या सेवांसाठी खास बांधलेल्या छोट्या ताफ्यांना हा शाप असतोच, मग निर्माता कोणीही असो.

यावर उपाय म्हणून कंपनीने २००४ मध्ये चौदा नव्या रेकची मागणी नोंदवली. तोपर्यंत फियाट फेरोव्हियारिया अल्स्टॉम या फ्रेंच कंपनीच्या ताब्यात गेली होती. ही ईटीआर ६१० : सात डबे, ताशी २५० किमी, तीन प्रकारच्या विजेवर चालणारी. २००७ च्या अखेरीस अपेक्षित असलेली ही गाडी मंजुऱ्या आणि चाचण्यांच्या फेऱ्यांत अडकून जुलै २००९ मध्ये प्रवाशांपर्यंत पोहोचली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये चिझाल्पीनोने सेवा थांबवली. चौदा रेक दोन्ही देशांच्या रेल्वेंनी सात-सात वाटून घेतले. जुन्या नऊपैकी पाच इटलीकडे आणि चार स्वित्झर्लंडकडे गेले. इथे काळजीने लिहावे. ज्या कंपनीने नवी गाडी मागवली तिला ती जेमतेम काही महिने वापरता आली, पण गाडी स्वतः अयशस्वी ठरली नाही. स्विस रेल्वेने नंतर याच प्रकारचे आणखी आठ आणि मग चार रेक घेतले, त्यांना ‘आस्तोरो’ असे नाव दिले, डिसेंबर २०१७ पासून फ्रँकफर्ट–मिलान आणि डिसेंबर २०२० पासून झ्युरिक–म्युनिक मार्गावर त्या चालवल्या. ईटीआर ४७० मात्र २०१४ च्या अखेरीस स्विस सेवेतून बाहेर पडल्या.

श्टुटगार्टची बाजूही पूर्ण करावी : डिसेंबर २००६ मध्ये चिझाल्पीनो तिथून मागे हटली आणि झ्युरिक–श्टुटगार्ट मार्ग जर्मनीच्या झुकणाऱ्या आयसीई–टी गाड्यांकडे राहिला. पुढे २००८ च्या शरदात आसांच्या मजबुतीविषयी प्रश्न उभा राहिल्यावर आयसीई–टी गाड्यांचा झुकाव बंद ठेवून त्या चालवल्या गेल्या. गाडी झुकणाऱ्या जातीची असणे आणि एखाद्या दिवशी ती झुकत असणे यांतला फरक इथे वाचकाला दाखवता येतो.

मार्ग सरळ झाला की काय होते

झुकणारी गाडी हा जुन्या मार्गावरचा उपाय आहे. स्वित्झर्लंडने दुसरा उपायही हाती घेतला आणि डोंगराखालून सरळ बोगदे खोदले : जून २००७ मध्ये ३४.६ किमीचा लॉचबर्ग, जून २०१६ मध्ये ५७ किमीचा गॉटहार्ड आणि सप्टेंबर २०२० मध्ये १५.४ किमीचा चेनेरी. जुन्या गॉटहार्ड मार्गाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटरवर आहे, नव्या बोगद्याचा ५४९ मीटरवर. चिझाल्पीनोच्या काळात तीन तास चाळीस मिनिटांच्या आसपास असलेला झ्युरिक–मिलान प्रवास आता सव्वातीन तासांवर आला आहे. वळणेच उरली नाहीत तिथे झुकाव हवा कशाला, या सरळ हिशेबाने स्विस रेल्वेने २०१४ मध्ये स्टाडलर कंपनीकडे मागवलेल्या ‘जिरुनो’ गाड्या न झुकणाऱ्या आहेत. सिंप्लॉन मार्गावर मात्र झुकणाऱ्या गाड्यांना जागा राहिली. मार्गनिहाय लिहिले की हा फरक आपोआप उलगडतो. देशनिहाय लिहिले की तो झाकला जातो.

हीच पद्धत आपल्याकडच्या चर्चेला लावून पाहावी

३१ ऑगस्ट २०१७ रोजी दिल्लीत भारत आणि स्वित्झर्लंड यांच्यात रेल्वे क्षेत्रातल्या सहकार्याचा करार झाला, त्या निमित्ताने झुकणाऱ्या गाड्यांची चर्चा आपल्याकडे रंगली. त्याच वेळी कोकण रेल्वेने गोव्यातल्या बोगदातंत्र संस्थेसाठी झ्युरिकच्या ईटीएच विद्यापीठाशी करार केला. २०२२ मध्ये काही ‘वंदे भारत’ गाड्या झुकणाऱ्या असतील अशा बातम्याही आल्या. अशा बातमीवर लिहिताना आधी सूत्र वापरावे. कोकण रेल्वेची किमान त्रिज्या १२५० मीटर ठेवलेली आहे. आपल्या रुंद मार्गासाठी ११.८ ऐवजी सुमारे १३.८ हा गुणक येतो. १६५ मिमी कँट आणि ७५ मिमी तूट धरली तर साध्या गाडीलाच अशा वळणावर ताशी सुमारे १४७ किमी वेग मिळायला हवा. तिथल्या गाड्या यापेक्षा हळू धावतात त्याची कारणे बऱ्याचशा एकेरी मार्गावरची क्रॉसिंगे, दरडींचा धोका आणि पावसाळी वेळापत्रक यांत आहेत, आणि त्यांपैकी कशावरही झुकाव हा इलाज नाही. बोर घाटात तर चढ ३७ ला १ आहे. तिथे प्रश्न चढण्याचा आणि ब्रेकचा आहे.

इतिहास कुठे संपवावा

ज्या हद्दीने लेख सुरू केला त्याच हद्दीने तो संपवावा. विषय कंपनी असेल तर डिसेंबर २००९ हा शेवट योग्य आहे. विषय मार्ग असेल तर जिरुनोपर्यंत यावे लागेल. विषय रेक असतील तर मात्र आल्प्स सोडून दक्षिणेकडे जावे लागते : इटलीच्या वाट्याला आलेल्या पाच ईटीआर ४७० ग्रीसमधल्या २५ किलोव्होल्टच्या विजेसाठी बदलून घेण्यात आल्या आणि १५ मे २०२२ पासून त्या अथेन्स–थेस्सलोनिकी मार्गावर प्रवासी सेवेत दाखल झाल्या. लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात ही नोंद करताना रेकची संख्या, नवी वीज आणि महिना, हे तिन्ही द्यावेत, आणि ही सेवा देशांतर्गत आहे हेही स्पष्ट लिहावे.